तीन कविता जास्त

मामा गेला आणि त्याची ट्रंक माझ्याकडे आली. आत चादर आणि चादरीच्या घडीत 15 पैशांच्या पोस्टकार्डांचा गठ्ठा. सगळी पुण्याच्या एका कविमित्राची. मामा दिवसा गिरणीत कारकून, रात्री कवी. शाहीर रामजोशींचं सोलापूर, चालायचंच!

दोन कवींचा पत्रव्यवहार म्हणजे प्रतिमा, मुक्तछंद, गेला बाजार तिसऱ्या कवीची निंदा, असं मला वाटलेलं. निंदा आहे. मामाचा कवितासंग्रह छापायचा होता, त्यामुळे बाकी सगळा पुठ्ठा आणि खळ. आणि फर्मा, म्हणजे एकदम छापून घडी घालायचा मोठा कागद.

‘एका फर्म्याला 16 पानं. तुझी 67 भरतात. तीन काढ, नाहीतर तेरा लिही.’

इतकी स्वच्छ समीक्षा मी तरी दुसरी वाचलेली नाही. पुढच्या कार्डात जरा दया आलेली दिसते: ‘अर्धा फर्मा जोडला तर आणखी पाच कवितांत भागेल. पावसाच्या आहेत का शिल्लक?’ सोलापुरात पावसाच्या कविता शिल्लक असणारच. पाऊसच येत नाही, तर त्या संपणार कशा?

मग बांधणी. मित्र जुजबंदीवर अडून बसलेला. फर्म्यांच्या घड्या घालायच्या, एकेक घडी पाठीशी दोऱ्याने शिवत जायची, मग खळ लावून पुठ्ठा. खळीत मोरचूद घालायला सांग, नाहीतर कसर लागेल, हे तीन कार्डांत तीनदा. ‘पिना मारू नकोस, गंजतात. कापडी बांधणी कर. कापडाच्या गावात राहतोस आणि कापड परवडत नाही म्हणतोस?’

मामाची उत्तरं पुण्यात राहिली. पण पुस्तक माझ्यापुढे आहे. पानं 64, मुखपृष्ठ पातळ कार्डाचं, मधोमध दोन पिना. दोन्ही गंजलेल्या. कुठल्या तीन कविता गेल्या, ते आता कळायला मार्ग नाही. संक्रांतीतल्या गड्ड्याच्या जत्रेआधी पुस्तक हातात पडायचं होतं, पडलं वैशाखात.

आई म्हणते, एक प्रत मात्र मामाने कापडात बांधून घेतली होती. साखर पेठेतल्या ओळखीच्या मागावरून चादरीचा तुकडा आणला. बाइंडरने डोक्याला हात लावला, पण बांधून दिली. पुस्तक मिटेना म्हणून रात्रभर वर पाटा ठेवला होता म्हणे.

गठ्ठ्यातलं शेवटचं कार्ड त्याच प्रतीबद्दल असावं. दोनच ओळी:

‘चादर पोचली. सध्या फार उकडतंय. थंडी पडली की वाचतो.’