बाईंचं मशीन आणि १४ ऑक्टोबर

घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांना काही तारखा पाठ असतात. ८ एप्रिल २०१४ ला विंडोज एक्सपीचा सपोर्ट गेला, १४ जानेवारी २०२० ला विंडोज सेव्हनचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नंबर होता. दर वेळी फोन तेच: "आमचा बंद पडणार का हो?" नाही पडत. १५ तारखेला बटण दाबलं की तो आदल्या दिवशीसारखाच सुरू होतो. फक्त दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेच्या ज्या दुरुस्त्या यायच्या, त्या यायच्या थांबतात. नवी फट सापडली तर ती बुजवायला कोणी येत नाही. एवढं सांगितलं की बहुतेकांचं फोनवरच भागतं.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका बाईंचं भागलं नाही. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्या घरी मराठी डीटीपी करतात, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर लावतात: छोट्या प्रकाशकांची पुस्तकं, गौरवग्रंथ आणि सीझनला दिवाळी अंक. त्या वर्षी वसुबारस १७ ऑक्टोबरला, म्हणजे अंकाची घाई आणि ही तारीख एकदमच आलेली.

"अरे, माझी अर्धी पानं व्हायचीत अजून. दुकानात म्हणाले, जुना देऊन टाका, नवा सेट घ्या, संध्याकाळपर्यंत विंडोज ११ टाकून देतो. देऊ का?"

"कुणाला हात लावू देऊ नका बाई. मी येतोय."

मशीन उघडलं. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. आमच्या धंद्यात पेन ड्राइव्हवरून ही तपासणी चुकवून ११ टाकून देणारे पुष्कळ आहेत. घरी नुसते सिनेमे बघणाऱ्याचं त्यावर चालूनही जातं. पण पुढचे अपडेट मिळतील याची हमी कंपनी देत नाही, आणि ज्याच्यावर पोट आहे ते मशीन मी असं करून देत नाही.

खरी गोम वेगळी होती. सिस्टिमच्या पानावर ३२-बिट, म्हणजे विंडोजची जुन्या धाटणीची आवृत्ती, असं लिहिलेलं. मशीन सेव्हनच्या ३२-बिट आवृत्तीवर आलेलं, पुढे फुकट अपग्रेडमध्ये १० झालं, पण ३२ चं ३२ च राहिलं. कोणीतरी ८ जीबी रॅम टाकून पैसे घेतले होते. ३२-बिटमध्ये त्यातली जेमतेम ४ वापरात, बाकीची नुसती बसून. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येते, म्हणजे अपग्रेड नाहीच, सगळं पुसून नव्याने. आणि बाईंचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर यूएसबीच्या लॉकवर चालणारं. लॉक काढलं की कीबोर्ड मराठी विसरतो. त्या लॉकचा ड्रायव्हर ३२-बिट, ६४-बिट विंडोज तो उचलत नाही. दुकानदाराने संध्याकाळपर्यंत ११ दिली असती, पण अंकाचं एकही पान उघडलं नसतं. पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरच्या फायलींतलं मराठी, त्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टशिवाय म्हणजे नुसती इंग्रजी चिन्हांची भेळ.

मग हार्ड डिस्कची तब्येत बघितली. पिवळा इशारा, खराब सेक्टर वाढत चाललेले. सगळे १४ तारखेच्या धास्तीत, आणि इथे डिस्क त्याआधीच जायला निघालेली. बॅकअप? "दरवर्षी सीडी करायचे," बाई म्हणाल्या. सीडीच्या गठ्ठ्यावर शेवटचं साल २०१६.

त्या दिवशी विंडोज बाजूला ठेवून डिस्कच आधी हाती घेतली. ५०० जीबीच्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल करायची तर ४८० ची एसएसडी (नव्या प्रकारची वेगवान डिस्क) पुरत नाही, ५१२ ची आणली. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करून डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कवरचा डेटा उचलणारं सॉफ्टवेअर लावलं. ते खराब जागेशी झगडत बसत नाही. चांगलं आधी उचलतं, अडलेल्या जागी मागाहून परत येतं. दुपारभर ते चाललं. बाईंनी दोनदा चहा केला आणि तेवढ्यात कागदावरची प्रुफंही तपासली. शेवटी न वाचता आलेला भाग नगण्य निघाला, आणि त्यात अंकाची एकही फाइल नव्हती. नव्या डिस्कवर पेजमेकर ज्या वेगात उघडलं, ते बघून बाईंनी ते बंद करून मुद्दाम परत उघडलं.

उरलं ते सोपं. घरच्या ग्राहकांसाठी विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची मुदतवाढ आहे. ३० डॉलर भरा, नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी सेटिंग्ज जोडा, मग फुकट. विंडोज १० ची शेवटची, २२एच२ आवृत्ती लागते, ती होती. "माझ्या फायली जाणार का कुठे?" फोल्डर त्या खात्यावर पाठवणारी बटणं बंद ठेवून दाखवली. बाईंचे यजमान त्याच मशीनवर बँकेचे व्यवहार करायचे, ते मात्र तिथून हलवले.

म्हणजे वर्षभराची सवड. तेवढ्यात जुनी पुस्तकं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही नव्या मशीनवर वाचता येईल अशा मराठीत आणायची, मग नवं मशीन. नमुन्याला एक पान कन्व्हर्टरमधून काढलं. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. दोन्ही एकाच अक्षरावर आले की कन्व्हर्टर गडबडतो. 'आर्थिक'चं 'आथिर्क' झालं होतं, वर्तमानपत्रांच्या जुन्या वेबसाइटवर दिसतं तसंच. बाईंनी चष्मा वर करून सगळं पान वाचलं आणि असे सात शब्द लाल पेनाने गोल केले.

"म्हणजे प्रत्येक पुस्तकाचं प्रूफ नव्याने."

"हो."

त्यांनी फोल्डरची यादी वरपासून खाली बघितली आणि मोजकी नावं वहीत उतरवली.

"एवढीच करू. बाकीच्यांचे लेखकसुद्धा विचारत नाहीत आता."