तीन दरवाजा ते मिल ओनर्स : सावली धरून

अहमदाबाद, मार्च, मंगळवार रात्र

दुपारी बाराच्या सुमारास तीन दरवाज्यापासून निघाले आणि साबरमती ओलांडून आश्रम रोडवरच्या मिल ओनर्स असोसिएशनच्या इमारतीशी थांबले. चारेक किलोमीटर असेल. रमतगमत, बसत-उठत चार तास घेतले. आत्ता पोटऱ्या बोलताहेत, पण लिहून टाकते, नाहीतर उद्या नुसते फोटो उरतील.

इथल्या महापालिकेचा हेरिटेज वॉक प्रसिद्ध आहे. 1997 पासून चालू आहे, काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत, पोळांमधून, म्हणजे जुन्या वस्त्यांच्या गल्ल्यांमधून. तो चांगलाच आहे, पण तो जुन्या शहरात सुरू होऊन जुन्या शहरातच संपतो. मला नदी ओलांडायची होती. शिवाय घोळक्यात चालायचं म्हणजे जिथे अर्धा तास बसावंसं वाटतं तिथून पाच मिनिटांत उठवतात, आणि जिथे काही नाही तिथे भाषण. म्हणून एकटीच. सुरुवात अहमदशहाच्या वेळच्या वेशीत, शेवट 1954 च्या काँक्रीटमध्ये, आणि मधे एकच नियम: मिळेल तिथे सावलीतून चालायचं. मार्चमधल्या उन्हापुढे दुसरा इलाजही नव्हता. रिक्षावाल्याने मला विचारलंच, “बेन, आवा तडकामां चालीने?” (ताई, अशा उन्हात चालत?)

तीन दरवाजा म्हणजे तीन कमानींची दणकट वेस. शहर 1411 चं, आणि त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत ही उभी राहिली. सुलतानाची स्वारी किल्ल्यातून निघून या कमानींखालून जात असे. आज खालून जे काही जातं ते चप्पल, ओढण्या, मोबाइलची कव्हरं यांच्या गाड्यांमधून वाट काढत जातं. कमानीखाली मात्र गार होतं. एवढी जाड भिंत म्हटल्यावर ऊन आत येणार कुठून? एका कोनाड्यात दिवा असतो. लक्ष्मी शहर सोडून निघाली होती, कोतवालाने तिला दारात थांबवलं आणि स्वतःचा जीव देऊन कायमचं थांबवलं, अशी कथा आहे. एक मुस्लिम कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या तो दिवा सांभाळत आलं आहे.

पण मी गेले होते ती शिलालेखासाठी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 1817 पर्यंत हे शहर पेशवे आणि गायकवाड यांच्या सामाईक कारभारात होतं. दोन धनी आणि एक वसुली म्हटल्यावर जे व्हायचं तेच झालं. त्या कारभाराचं कौतुक करणारं मी फारसं काही वाचलेलं नाही. त्याच कारभारातला हा लेख. 1812 साली मराठा सुभेदार चिमणाजी रघुनाथ याने तो लावला. देवनागरीत आहे. आशय असा की मुलीला बापाच्या मिळकतीतला वाटा विनातक्रार द्या. न द्याल तर हिंदूने महादेवाला जाब द्यावा, मुसलमानाने अल्लाला. हिंदू वारसा कायद्यात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलग्यांच्या बरोबरीने हक्क मिळायला 2005 ची दुरुस्ती यावी लागली. हुकूम किती पाळला गेला असेल याबद्दल माझ्या मनात काही भ्रम नाहीत. तरी असा हुकूम भर बाजारातल्या वेशीवर लावावा असं कुणाला तरी वाटलं. शेजारचा ओढणीवाला मी भिंतीशी नाक लावून काय वाचतेय ते जरा वेळ बघत होता, मग त्याचाही रस संपला.

वेशीतून भद्रच्या किल्ल्यापर्यंतचा पट्टा आता पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा केलाय. एके काळी हे शाही मैदान होतं. आता तिथे मोकळी म्हणावी अशी जागा फेरीवाल्यांनी ठेवलेली नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. त्यांच्या ताडपत्र्यांखालून अख्खा चौक सावलीसावलीतून पार झाला. भद्रकाली मंदिरात डोकावले. हे मंदिर मराठ्यांच्याच वेळचं. वेगळा कळस वगैरे नाही, आझमखानाच्या 1637 च्या वाड्यातल्या खोलीत देवी बसवलेली आहे. वर बुरुजाला इंग्रजी काळातलं घड्याळ. सुलतान, मुघल, मराठे, इंग्रज, सगळे एकाच इमारतीत एकेक खोली धरून राहिल्यासारखे.

तिथून सिदी सय्यदची जाळी. हिचे फोटो इतके पाहिलेले असतात की प्रत्यक्षात काय उरलं असेल अशी धाकधूक होती. मशीद लहानशी आहे, 1572-73 मधली, म्हणजे अकबराने गुजरात घेतला त्याच सुमाराची. बांधणारा हबशी सरदार. दर्शनी बाजू कमानींची आणि उघडी, त्यामुळे अंगणातूनही मागची भिंत दिसते. त्या भिंतीच्या वरच्या अंगाला अर्धवर्तुळाकार जाळ्या आहेत. बऱ्याचशा लहान लहान चौकोनांच्या, प्रत्येक चौकोनात वेगळी नक्षी. पण ती प्रसिद्ध जाळी निराळीच. एका झाडाच्या फांद्या एकमेकींत गुंतत, वळत, पुऱ्या कमानभर पसरल्या आहेत आणि मधून ताड सरळ वर गेला आहे. फांदी कुठे सुरू होते ते शोधायला गेलं की नजर दुसऱ्याच फांदीवर जाते. मधली कमान मात्र जाळीविना, दगडाने बंद.

मी तिथे बराच वेळ बसले, आणि फोटोत कधी कळलं नव्हतं ते लक्षात आलं. ही भिंत पश्चिमेची आहे. मशीद आहे म्हटल्यावर असणारच, किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, तिकडे. पण पश्चिम ही अहमदाबादेत सगळ्यात छळणारी बाजू. दुपारनंतरचं ऊन तिथूनच येतं. अडीच वाजले तसा सूर्य कलू लागला आणि जाळीच्या मागून उजेड यायला लागला. दगड काळा पडला, भोकं पांढरी झाली. डोळ्याला त्रास नाही, कारण दगडाला जाडी आहे. तिरपं ऊन भोकात शिरतं आणि बरंचसं दगडाच्या कडेवरच अडतं. आत येतो तो उजेड, ऊन बाहेरच राहतं. नक्षीच्या कौतुकात हे काम कुणी सांगत नाही. पुढचा सगळा रस्ता मी याच दृष्टीने बघत गेले.

भद्रच्या आसपास मजूर महाजन या गिरणी कामगारांच्या संघटनेची कचेरी आहे, आणि व्हिक्टोरिया गार्डनसमोर ‘सेवा’ या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेची. 1918 मध्ये गिरणी कामगारांनी पस्तीस टक्के वाढ मागितली, मालक विसाच्या वर जाईनात. कामगारांच्या बाजूला अनसूया साराभाई, मालकांच्या बाजूला त्यांचे सख्खे भाऊ अंबालाल. गांधीजींनी उपोषण केलं, ते याच मार्च महिन्यात. 1920 मध्ये मजूर महाजन उभी राहिली, आणि तिच्यातूनच 1972 मध्ये इलाबेन भट्टांची सेवा. संपाच्या सभा भरायच्या त्या साबरमतीकाठी, एका बाभळीखाली. बाभळीची सावली ती केवढीशी! पण तेवढीच होती.

एलिस ब्रिजच्या अलीकडे माणेक बुरूज. शहराचा पाया इथे घातला म्हणतात. माणेकनाथ बाबा दिवसा चटई विणायचा, रात्री उसवायचा, आणि चटई उसवली की दिवसभर बांधलेला तट ढासळायचा, अशी गोष्ट आहे. वाहतुकीत बुरूज नुसता दिसतो, जवळ रेंगाळावं असं काही नाही. पुढे निघाले.

एलिस ब्रिजची गोष्ट मला जास्त आवडते. पहिला लाकडी पूल 1875 च्या पुरात गेला. दुसरा लोखंडी, 1892 चा, हिंमतलाल धीरजराम भचेच या इंजिनिअरने बांधला, आणि मंजूर रकमेपेक्षा कमी खर्चात. झालं, सरकारला संशय. चौकशी बसली. चौकशीत काम चोख निघालं आणि त्यांना रावसाहेब केलं. पैसे वाचवले म्हणून चौकशी! जुन्या पुलाच्या कमानी अजून मधे उभ्या आहेत. रहदारी दोन्ही अंगांच्या नव्या काँक्रीट पुलांवरून जाते. पुलाजवळ नदीकाठी रविवारी गुजरी, म्हणजे जुना बाजार, भरते. आज मंगळवार, त्यामुळे ती चुकली. पुलावर सावलीचं नाव नाही. ओढणी डोक्यावर घेऊन सरळ तंगडतोड.

नदीत काठोकाठ पाणी आहे. ते नर्मदेचं, कालव्यातून येऊन वासणा बंधाऱ्याने अडवलेलं. साबरमतीचं पात्र पूर्वी पावसाळा सोडला तर बहुतेक वाळूच. त्या वाळूत भाजीपाला व्हायचा, सर्कशी उतरायच्या, रंगारी कापड धुऊन वाळत घालायचे. 2005 पासून दोन्ही काठांना भिंती घालून पात्र सगळीकडे सारखं, 263 मीटर रुंद केलं. काठावरची हजारो कुटुंबं उठवली गेली. आता खालून वरपर्यंत गुळगुळीत फिरायची वाट आहे. दक्षिणेकडे 2022 चा अटल पूल दिसत होता, पतंगांसारख्या रंगीत छताचा, नुसता चालणाऱ्यांसाठी.

पश्चिम काठाने, खालच्या वाटेने मी उत्तरेला वळले. स्वच्छ आहे, रुंद आहे, गाड्यांचा त्रास नाही. सगळं खरं. पण दुपारी तीन वाजता या वाटेवर माणूस नाही, कारण उभं राहायला जागा नाही. एका बाजूला भिंत, एका बाजूला पाणी, खाली काँक्रीट तापलेलं. नेहरू पुलाखाली मात्र गर्दी होती. दोन जोडपी, एक झोपलेले आजोबा, अभ्यास करणारी पोरं, सगळी पुलाच्या सावलीच्या पट्ट्यात, आणि पट्टा सरकेल तसतशी तीही सरकत होती. संध्याकाळी इथे जत्रा असते हे मलाही माहीत आहे. म्हणजे हे ठिकाण सूर्य नसतानाचं आहे. गुजरातेत! आराखडा करणाऱ्यांना दुपार माहीत नव्हती असं कसं म्हणू? पण काठ आखताना ती मोजणीत धरलेली नाही, हे पायांना कळतं.

मिल ओनर्सच्या फाटकातून आत गेले तेव्हा चार व्हायला आले होते. गिरणीमालकांच्या संघटनेचे अध्यक्ष सुरोत्तम हठीसिंग यांनी ल कॉर्ब्युझिए या वास्तुशिल्पीकडून ही इमारत करून घेतली. रस्त्याची बाजू पश्चिमेची. तिथे पुऱ्या उंचीला काँक्रीटचे जाड पडदे आहेत, तिरपे वळवलेले. समोरून ऊन थेट येत होतं आणि पडद्यांवरच थबकत होतं. मधून लांब चढणीचा रस्ता थेट पहिल्या मजल्यावर नेतो. जाताना मी पडद्याला हात लावला. बाहेरच्या कडेला चटका बसला, वीतभर आत गार. काँक्रीटवर साच्याच्या फळ्यांच्या रेघा जशाच्या तशा आहेत, लाकडाच्या शिरासुद्धा.

जाळीचीच रीत ही. जाडी द्या, तिरपं ऊन कडेवर अडवा, वारा येऊ द्या. दोन्हींत पावणेचारशे वर्षं, आणि मधे साहित्य, पैसा, धर्म सगळं बदललेलं. नक्षी गेली एवढंच. ती मला हवीशी वाटली हेही लिहून ठेवते.

पूर्वेची बाजू नदीकडे. तिथले पडदे तिरपे नाहीत, सरळ आहेत, कारण तिथे अडवायचं काही नव्हतं, बघायचं होतं. वाळूत कापड धुणारे रंगारी, बगळे, अर्ध्या पाण्यात बसलेल्या म्हशी, हे दृश्य कॉर्ब्युझिएच्या डोळ्यांसमोर होतं. गिरणीमालकांनी आपल्याच धंद्याचं टोक इथे उभं राहून पाहावं, अशी ती चौकट. बाभळीखालच्या सभा झाल्या त्याच नदीचा हा दुसरा काठ, 36 वर्षांनंतरचा. आता रंगारी नाहीत, बहुतेक गिरण्याही बंद पडल्या, आणि चौकटीतून दिसते ती मघाची ओसाड वाट. वरून ती जास्तच पांढरी दिसत होती.

कुणाला हा रस्ता चालायचा असेल तर दोन सूचना. पूर्वेकडून पश्चिमेकडेच चाला आणि दुपारच्या पोटात चाला. सकाळी निघालात तर जाळी आणि पडदे, दोन्ही रिकामे बसलेले दिसतील. आणि नदीकाठचा तुकडा टाळून वरून आश्रम रोडने जावं असं कुणीही सुचवेल. ते ऐकू नका. तासभर उन्हात भाजल्याशिवाय त्या चढणीवर पाय ठेवण्यात मजा नाही.