बाबांचं वाकलेलं बोट: सुई की ऑपरेशन?

बाबांची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेली काही वर्षं तळहाताकडे वळत चाललंय. दुखत बिखत काही नाही म्हणून त्यांनी मनावरच घेतलं नाही, पण नमस्काराला तळहात जुळेनात आणि तोंड धुताना बोट डोळ्यात जायला लागलं तेव्हा कुठे हँड सर्जनकडे यायला तयार झाले. निदान निघालं ड्युप्युट्रेन काँट्रॅक्चर. शीर आखडली म्हणून घरात तेल चोळणं चालू होतं, पण शीर ठणठणीत असते, कातडीखालचा चिवट पडदा जाड होऊन त्याची दोरी बनते आणि ती बोटाला ओढते, तेलाने किंवा शेकाने ती सैल होत नाही. हा आजार उत्तर युरोपात भरपूर, आपल्याकडे कमी, पण डायबेटिसवाल्यांना होऊ शकतो आणि बाबांची शुगर जुनी.

डॉक्टरांनी आधी हात टेबलावर पालथा टेकवायला लावला. सपाट टेकला तर नुसतं लक्ष ठेवायचं, तळहातात गाठ आहे म्हणून कापाकापी नाही. बोटाच्या मुळाचा सांधा 30 अंश किंवा जास्त वाकला की उपचाराचं बघतात. मधला सांधा वाकायला लागला तर मात्र फार थांबू नये, तो एकदा घट्ट झाला की ऑपरेशननंतरही पूर्ण सरळ होईलच असं नाही.

सुईवाला उपाय म्हणजे जागा बधिर करून सुईच्या टोकाने दोरी ठिकठिकाणी तोडतात आणि बोट सरळ करतात, टाके नाहीत, त्याच दिवशी घरी. पण परत वाकतं! नेदरलँड्सच्या एका अभ्यासात 5 वर्षांत सुईवाल्यांपैकी साधारण 85 टक्के आणि ऑपरेशनवाल्यांपैकी 21 टक्के जणांना परत त्रास झाला, आणि गंमत म्हणजे तरीही बऱ्याच जणांनी परत वाकलं तर सुईच द्या म्हटलं. ऑपरेशनमध्ये तो जाड पडदाच काढतात, टिकतं जास्त, पण जखम मोठी, बोटाच्या नसेला धक्का लागायची भीती, नंतर फिजिओथेरपी, आणि शुगर असली की जखम भरायला वेळ. तिसरं कोलॅजिनेजचं, म्हणजे दोरी विरघळवणाऱ्या औषधाचं इंजेक्शन, अमेरिकेत 2010 ला मंजूर झालं, युरोपातून कंपनीने 2020 मध्ये काढून घेतलं, आमच्या डॉक्टरांनी त्याचा विषयच लांबवला नाही.

बाबांचा मुळाचाच सांधा वाकलाय, मधला अजून बरा आहे, वय आणि शुगर बघता मला सुईच पटते. आई म्हणते एकदाच काय ते ऑपरेशन करून टाका. बाबा म्हणतात गणपती होऊ देत, मग बघू.