साडेतीन सेकंदांनंतर काय करायचं?

परवा रविवारी रात्री जेवण आटोपून बसलो होतो तर फोन, "खाली ये, गाडी आणलीये." आमचा एक वर्गमित्र आहे, इथे इंदूरजवळ पीथमपूरला कारखाना आहे त्याचा, शाळेत असताना माझ्याच सायकलवर डबलसीट यायचा. खाली गेलो तर गेटपाशी काळीभोर बीएमडब्ल्यू एम5 उभी. आली कधी ते वॉचमनलासुद्धा कळलं नव्हतं कारण आता ती हायब्रिड झालीये, चार्जिंग असलं की साठेक किलोमीटर नुसत्या बॅटरीवर जाते, गुपचूप, मांजरीसारखी. म्हणजे 727 हॉर्सपॉवरची, दोन कोटींच्या घरातली गाडी आणि कॉलनीत शिरताना आमच्या शेजाऱ्यांच्या ॲक्टिवापेक्षा कमी आवाज. मला तर तिथेच हसू आलं.

बसलो. सीट अशी की तिच्यात बसून आयुष्यातले सगळे निर्णय बरोबर होते असं वाटावं. पलासियाच्या सिग्नलला थांबलो, शेजारी एक ई-रिक्षा, तिच्यात सहा जण, पुढे एक मुलगा मांडीवर कुकर घेऊन बसलेला. सिग्नल सुटला आणि रिक्षा आमच्या पुढे निघून गेली. मित्र म्हणाला, "जाऊ दे, आपल्याला काय घाई आहे." आता घाई नव्हती तर ही कशाला घेतली भिया, असं अगदी ओठांवर आलं होतं, पण गाडी त्याची, पेट्रोल त्याचं.

बायपासला लागल्यावर मात्र त्याने एकदा दाबली. शून्य ते शंभर साडेतीन सेकंदांत. पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरायला लागतो तेवढा वेळ. पोटातलं जेवण पाठीला चिकटलं, मी काहीतरी ओरडलो (काय ते लिहीत नाही), आणि मग त्याने पाय काढला, कारण शंभर झाले होते. 2018 मध्ये सरकारने कारसाठी कमाल वेग ठरवला तो चौपदरी रस्त्यावर शंभर, एक्सप्रेसवेवर एकशेवीस, शहरात सत्तर. म्हणजे साडेतीन सेकंदांत गाडीचं काम संपलं. पुढचा सगळा वेळ ती शंभरवर जांभया देत चालली होती आणि मी विचार करत होतो की आता उरलेल्या सहाशे घोड्यांचं काय करायचं, त्यांना चारा तर द्यावाच लागतो.

आणि तेव्हा मला काकांची कॉन्टेसा आठवली.

काकांकडे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी इसुझू इंजिनवाली कॉन्टेसा होती. अठ्ठ्याऐंशीच्या आसपास हॉर्सपॉवर, पाच गिअर, आणि आमच्या अख्ख्या खानदानात तिचा असा दरारा की लग्नाला निघताना तिच्यात कोण बसणार यावरून रुसवेफुगवे व्हायचे. नाशिकला जायचं म्हणजे एबी रोड (आग्रा-मुंबई हो), मानपूर, धामनोद, खलघाटला नर्मदेत नाणं टाकायचं, सेंधवा, मग बिजासनचा घाट उतरून शिरपूर, धुळं. दुपदरी रस्ता. पुढे ट्रक, त्याच्या पुढे ट्रक, आणि समोरून येणारा तिसरा ट्रक वन्स मोअर मिळाल्यासारखा डिपर मारत. काका ट्रकच्या मागे जरा उजवीकडे डोकावायचे, परत आत घ्यायचे, पुन्हा डोकवायचे, मग एकदम गिअर खाली टाकून हॉर्नवर हात ठेवून घुसायचे. मागच्या सीटवर आजी "श्रीराम जयराम" सुरू करायची आणि ट्रक मागे पडला की "जय जय राम" म्हणून संपवायची. ॲम्बॅसिडरवाल्यांच्या वेळी हाच जप तीनदा व्हायचा.

तर मुद्दा हा की त्या रस्त्यावर ताकदीला अर्थ होता, आणि तो सरळ हिशोबाचा होता. आपण ऐंशीने, समोरचा साठने, म्हणजे दोघांमधलं अंतर सेकंदाला एकोणचाळीस मीटरने खलास होतंय. उलट्या बाजूला एक सेकंद कमी राहिलात तर एकोणचाळीस मीटर वाचले. तीन सेकंद कमी म्हणजे सव्वाशेला थोडंच कमी. इंजिनात दम असणं म्हणजे वेगाने जाणं नव्हे, चुकीच्या बाजूला कमी वेळ असणं. काकांनी त्या गाडीत शंभरच्या वर काटा फारसा नेला नसेल, पण साठ ते नव्वद हा जो पट्टा आहे ना, तिथे तिने आम्हा सगळ्यांना नाशिकला पोचवलं.

आता तोच रस्ता चौपदरी झाला. मधे डिव्हायडर आहे, समोरून कोणी येतच नाही. (येतो, रॉन्ग साइडने ट्रॅक्टर येतो, पण त्याच्यावर हॉर्सपॉवर हा उपाय नाही.) ट्रक दिसला की लेन बदला, झालं, आमच्या बायकोची अल्टोसुद्धा करते. म्हणजे ज्या कामासाठी ताकद लागायची ते कामच रस्त्याने काढून घेतलं आणि नेमक्या त्याच काळात गाड्यांची ताकद वाढत गेली. पहिली एम5 1985 ची, 286 हॉर्सपॉवर, आणि तेव्हा ती जगातली सगळ्यात वेगवान चार दारांची गाडी म्हणून ओळखली जायची, दिसायला मात्र एखाद्या हेडमास्तरांची गाडी. मर्सिडीजने 1990 च्या सुमारास 500 ई काढली, तिचे फेंडर, म्हणजे चाकांवरचे पत्रे, रुंद म्हणून ती स्वतःच्या असेंब्ली लाइनवर बसेना तर ती जोडायला पोर्शेच्या कारखान्यात पाठवायचे. शेजारणीच्या गच्चीवर पापड वाळत घालतात तसं. ही गंमत मला पटते. जर्मनीत ऑटोबानच्या बऱ्याच भागावर वेगाला बंधनच नाही, 130 हा नुसता सल्ला, तर तिथला माणूस सकाळी निघून दुपारच्या मीटिंगला दुसऱ्या गावात पोचतो, त्याच्यासाठी ती रोजच्या कामाची वस्तू आहे. तरी तिथल्या कंपन्यांनी आपापसात ठरवून बहुतेक गाड्या 250 ला अडवूनच ठेवल्यात.

इंदूरला ही हौस नवी आहे असंही नाही. यशवंतराव होळकरांसाठी 1930 च्या दशकात अमेरिकन ड्यूसेनबर्ग एसजे बनली, इंजिनात जास्त हवा कोंबणारा सुपरचार्जर लावलेली, कंपनी 320 हॉर्सपॉवर सांगायची, वरची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या बॉडी बांधणाऱ्या कंपनीची. तेव्हा इथे रस्त्यांवर टांगे होते. पण ते महाराज होते, त्यांना कुणी ॲव्हरेज विचारत नव्हतं.

आणि खरी चेष्टा पुढे आहे. आपल्या पीथमपूरलाच नॅट्रॅक्सचा, म्हणजे गाड्यांची चाचणी घेणाऱ्या केंद्राचा, हाय-स्पीड ट्रॅक आहे, 11.3 किलोमीटर लांब, सोळा मीटर रुंद, 2021 मध्ये उद्घाटन झालं तेव्हा आशियातला सगळ्यात लांब म्हणून गाजला. त्याची वळणं अशी तिरकी बांधलीत की तिथे 250 ने जाताना स्टिअरिंग वळवावंच लागत नाही म्हणतात. 250 ने एक फेरी पावणेतीन मिनिटांच्या आत होते. मित्र रोज कारखान्यात जातो तो त्याच भागात, या गाडीतून, ट्रॉलींच्या मागे तीस-चाळीसने. "एकदा आत नेऊन बघ की," मी म्हटलं. तो म्हणाला, "अरे ते टेस्टिंगसाठी आहे, बुकिंग लागतं, आणि माझी वेळ कुठे."

परत आल्यावर मी वाकून टायर बघितला. मागचा 295/35 आर 21. रुंदी 295 मिलिमीटर आणि उंची तिच्या 35 टक्के, म्हणजे रिमपासून जमिनीपर्यंत रबर दहा सेंटिमीटर, फार तर जरा जास्त. शेजारी अल्टो उभी होती, तिचा 145/80 आर 12, तिचं रबर साडेअकरा. अडीच टनांच्या आसपासची गाडी, आणि खड्डा झेलायला तिच्याकडे अल्टोपेक्षा कमी रबर. मित्राला दाखवलं तर तो जरा गंभीर झाला, मग म्हणाला, "म्हणूनच मी हळू चालवतो."

निघताना आमच्या कॉलनीचा तो स्पीडब्रेकर आला, रहिवाशांनी वर्गणी काढून स्वतः बनवलेला, त्यामुळे त्याला स्पीडब्रेकर म्हणायचं की बंधारा हा प्रश्नच आहे. मित्र थांबला, काच खाली केली. मी न सांगता पुढे जाऊन उकिडवा बसलो, एक डोळा मिटून गाडीच्या पोटाखाली बघायला लागलो. वॉचमन टॉर्च घेऊन दुसऱ्या बाजूला. वर बाल्कनीतून बायको, "अहो, काय हरवलं?"

"काही नाही," मी म्हटलं आणि हात हलवत राहिलो, "येऊ दे... तिरकी घे, जरा अजून तिरकी... येऊ दे, येऊ दे... बस, निघाली."