बोट लागली की निघू

२०१२ सालापर्यंत मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एका मासळी व्यापाऱ्याकडे वही लिहायला होतो. कुठल्या बोटीचा माल, किती टप, काय भाव, कोणाच्या नावावर, एवढंच काम. पहाटे पाचला बंदरावर, दहाला घरी. बायको दाराबाहेर बादली आणि साबण ठेवायची, वास गेल्याशिवाय आत प्रवेश नाही. पगार बेताचा होता. पण लिलाव रोज बघून माणसं वाचायला शिकलो. ओरडणारा माल नेत नाही, गप्प उभा राहून नुसतं बोट वर करणारा नेतो.

सहलींचा धंदा काढायचं माझ्या डोक्यात नव्हतं. एका लॉजवाल्या मित्राने पुण्याचं एक कुटुंब माझ्याकडे पाठवलं, "यांना जरा बंदर दाखव." मी काम करता करता दाखवलं. गिलनेटचा माल कुठला, ट्रॉलरचा कुठला, तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या कोण, खलाशी कोण, आणि इतके नेपाळी खलाशी समुद्र नसलेल्या देशातून इथे काय करतात. मंडळी दोन तास हलली नाहीत. निघताना त्या गृहस्थांनी पाचशेची नोट हातात ठेवली. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "उद्या आणखी कोण येतंय का बघा." आमच्या फर्मची स्थापना ती हीच.

पतपेढीचं कर्ज काढून जुनी ओम्नी घेतली, तिला पिवळी पाटी लावली, गुमास्ता परवाना काढला. आणि मग सगळे करतात तीच चूक केली. एका दिवसात गणपतीपुळे, आरे-वारे, पावस, रत्नदुर्ग, थिबा राजवाडा, जमलं तर जयगडसुद्धा. लोक गाडीत झोपायचे, उतरून फोटो काढायचे, परत झोपायचे. संध्याकाळी सोडताना विचारलं, काय आवडलं, तर उत्तर यायचं, "वडापाव छान होता." मोठ्या गाड्यांचे लोक हेच आमच्यापेक्षा स्वस्तात आणि एसीत करत होते. दीड वर्ष असं चाललं. हप्ते थकले नाहीत, पण शिल्लकही काही नव्हती.

त्यावर बायकोच बोलली, "तुम्ही यांना रत्नागिरी कधी दाखवता? इथे ते फक्त झोपतात."

खरंच होतं. मग शहराबाहेर जायचंच नाही असं ठरवलं. सकाळी मासळी बाजार, मग आमच्या घरी नाश्ता-जेवण, मग गाव, मग मत्स्यालय. गाडी दिवसभरात फार फिरत नाही. लोकांना आधी हे पटत नसे. "एवढ्याशा अंतराचे एवढे पैसे?" आजही दहातले दोन-तीन फोन इथेच तुटतात. तुटू देतो.

हा क्रमही पहिल्यापासून असा नव्हता. आधी आम्ही मत्स्यालय सकाळी ठेवलं होतं. झाडगावचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र १९५८ सालचं, आता दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. तिथलं मत्स्यालय आणि संग्रहालय मुलांना आवडतं, म्हणून वाटलं सुरुवात तिथून करावी. आणि मग दुपारी साताऱ्याच्या एका सात वर्षांच्या मुलीने ताटातल्या तळलेल्या तुकडीकडे बघून विचारलं, "हा काचेतला आहे का?" तिने जेवण सोडलं. तिच्या भावाने सोडलं. आईने दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. बायकोने पहाटे उठून केलेलं सगळं तसंच राहिलं. दुसऱ्या दिवसापासून मत्स्यालय शेवटी.

त्यात एक फायदा झाला, तो आम्ही योजलेला नव्हता. सकाळी बर्फावर निपचित पाहिलेला मासा दुपारी काचेमागे पोहताना दिसला की मुलं त्याला ओळखतात. "हा सकाळचा!" असं ओरडतात. नुसतं मत्स्यालय बघणारं मूल टाकीपुढून पुढे पळतं. ज्याने सकाळी माशाच्या कल्ल्यात बोट घालून लाल रंग बघितलेला असतो, ते तोच कल्ला उघडमिट होताना बघत उभं राहतं.

बंदीच्या काळाचं मात्र माझ्या अंगाशी आलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, हे बंदरात वाढलेल्या माणसाला काय सांगायचं? पण त्या वर्षी मेमध्ये बुकिंगची एवढी घाई झाली की कोल्हापूरच्या अकरा जणांना मी १० जूनची तारीख देऊन बसलो. पहाटे पोचलो तर बोटी ओढून घेतलेल्या, जाळी झाकलेली, धक्क्यावर एक कुत्रं आणि आम्ही बारा जण. त्यातल्या एका काकांनी शांतपणे विचारलं, "बाजार कुठं आहे?" निम्मे पैसे परत केले. पाऊस सुरू होता, म्हणून मग त्यांना खाडीकडे नेलं, चढणीचे, म्हणजे पावसात प्रवाहाविरुद्ध वर चढणारे, मासे पकडणारी पोरं दाखवली, सुकट-बोंबील-खारवलेला बांगडा घेऊन दिला. काका खूश झाले, मी नाही. आता जून-जुलैची सहल वेगळी आहे. तिचं नाव सुक्या मासळीची सहल, आणि फोनवरच सांगतो की ताजं फार मिळणार नाही, छत्री आणा.

आणि एक कबुली. पहिली दोन वर्षं मी बाजारात कमिशन घेत होतो. गिऱ्हाईक ज्या मासेवालीच्या पाटीवर नेऊन उभं करीन, तिथून मला वेगळे पैसे. धंद्याची रीत आहे असं स्वतःला सांगायचो. एकदा एका बाईंनी माझ्या भरवशावर सुरमई घेतली आणि पुण्याला पोचून फोन केला, "दादा, वास येत होता." मला सकाळीच माहीत होतं की ती आदल्या दिवसाची आहे. त्या फोननंतर कमिशन सोडलं. पाट्या लावणाऱ्या बायका महिनाभर बोलत नव्हत्या माझ्याशी, गिऱ्हाईक तोडलं म्हणून. आता मी कुठेच नेऊन उभं करत नाही. डोळे फुगीर आणि स्वच्छ हवेत, कल्ले लाल हवेत, पोट दाबलं तर घट्ट लागायला हवं. एवढं शिकवतो आणि बाजूला होतो. मग घासाघीस त्यांची त्यांनी करायची. मुंबईकर चांगली करतात, पुणेकर लाजतात.

त्या महिन्यात माझ्याशी बोलत राहिल्या त्या एकट्या चाची. दालदी, म्हणजे इथल्या मुसलमान मच्छीमारांच्या, वस्तीतल्या, चाळीस वर्षं मासे विकतायत. आमच्या सहलीत त्या पहिल्यापासून आहेत, म्हणजे आम्ही त्यांच्या पाटीपाशी थांबतो आणि त्या लोकांना झापतात. "फोटो काढ, पण सावली धरू नको मालावर." पापलेटला सरंगा म्हणायचं, मांदेली हातात कशी धरायची, शेवंड एवढी महाग का, हे सगळं त्याच सांगतात. २०२३ साली सरकारने पापलेटला राज्यमासा केलं तेव्हा मी त्यांना बातमी सांगितली. म्हणाल्या, "मग आता भाव वाढणार की कमी होणार?" मला उत्तर देता आलं नाही.

एकदा सहज विचारलं, "चाची, मत्स्यालय कसं वाटलं तुम्हाला?" तर त्या तिथे कधी गेल्याच नव्हत्या! चाळीस वर्षं मासे हाताळलेली बाई, गाडीने काही मिनिटांवर मत्स्यालय, आणि आत पाऊल नाही. "जिवंत मासा कशाला बघायचा? जाळ्यात येतो तेव्हा असतोच की." पण एका दुपारी माल लवकर संपला तेव्हा मी त्यांना आणि त्यांच्या नातीला सहलीच्या गाडीत घातलं.

आत शिरल्यावर पहिली पाच मिनिटं चाची काहीच बोलल्या नाहीत. त्या एवढा वेळ गप्प राहिल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं. मग एका टाकीपाशी थांबल्या. पाटीवर लॅटिन नाव होतं. चाचींनी काचेला नाक लावलं, "अगो, हा तर गोबरा! एवढा थोराड झालाय, आता दोन माणसांनी उचलावा लागेल." पुढच्या टाकीत वाम निघाली, त्याच्या पुढे केंड. केंडाला कोणी विकत घेत नाही, जाळ्यात आला की फुगतो आणि शिव्या खातो, हे त्यांनी सगळ्या रांगेला ऐकवलं. आमची सहा माणसं होती, मागून दुसऱ्याच कुठल्या शाळेची पोरं येत होती, ती आमच्यात मिसळली. शाळेच्या बाई त्यांना लॅटिन नाव वाचून दाखवत होत्या आणि पोरं चाचींकडे बघत होती.

देवमाशाच्या सांगाड्यापाशी मात्र त्या थबकल्या. पन्नास फुटांहून लांब सांगाडा आहे तो. बरगड्यांकडे बघत म्हणाल्या, "माझा बाप सांगायचा, रात्री होडीच्या खालून काळी भिंत जाते. आम्ही म्हणायचो, दारू पिऊन सांगतो."

त्यानंतर आम्ही मत्स्यालयात मासे दाखवताना आधी बाजारातलं नाव सांगतो, मग पाटीवरचं. टाक्यांतले मासे बदलत राहतात, त्यामुळे मला दर महिन्याला चाचींकडे उजळणी करावी लागते. मोबाईलवर फोटो काढून नेतो. रंगीत, बाहेरून आणलेला मासा असला की त्या हात झटकतात. "हा आपला नाही, हा शोभेचा."

आता गावाबद्दल. बंदर आणि मत्स्यालय यांच्यामधले दोन-तीन तास आम्ही गावाला देतो, आणि खरं सांगायचं तर इथेच सगळ्यात जास्त वाद होतात. मी इतिहासाचा माणूस नाही, वही लिहिणारा आहे, म्हणून साल आधी बघतो. थिबा राजाला ब्रह्मदेशातून काढलं १८८५ साली, रत्नागिरीत आणलं १८८६ मध्ये, राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये आणि राजा गेला १९१६ च्या डिसेंबरात. म्हणजे ज्या राजवाड्यात आपण त्याचं ऐश्वर्य बघतो तिथे तो जेमतेम सहा वर्षं राहिला. त्याआधीची चोवीस वर्षं इतर बंगल्यांत. हे सांगितलं की लोक एकदम राजवाड्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. सावरकर इथे १९२४ ते १९३७ स्थानबद्ध होते, पतितपावन मंदिर त्याच काळातलं, १९३१ चं, भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं. टिळकांचा जन्म इथलाच, १८५६ चा. मी म्हणतो, इंग्रजांना माणूस अडकवून ठेवायला रत्नागिरी फार सोयीची वाटत असणार. पुढे समुद्र, मागे सह्याद्री, आणि कोकण रेल्वे पूर्ण सुरू व्हायला १९९८ उजाडायचं होतं. एका निवृत्त प्राध्यापकांना हा विनोद आवडला नव्हता.

मांडवीला काळ्या वाळूवर उभं करून मी वडिलांची गोष्ट सांगतो. ते मुंबईला आगबोटीने गेले. आगबोट खोल पाण्यात थांबायची आणि माणसं पडावातून तिथवर जायची. खवळलेला समुद्र, हलणारा पडाव आणि ट्रंक डोक्यावर. वडील म्हणायचे, मुंबईची भीती नव्हती, त्या शिडीची होती. राम आळीत एप्रिल-मेमध्ये हापूस असतो. तिथे पेटी फोडून वास घेऊ देत नसेल त्याच्याकडे घेऊ नका, एवढंच सांगून मी पुढे सरकतो, नाहीतर दुपार तिथेच जाते.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद पडलं. ओम्नी विकून आदल्या वर्षीच टेम्पो ट्रॅव्हलर घेतली होती, तिचा हप्ता उभा. वर ३ जूनला निसर्ग वादळ. आमचे पत्रे उडाले, मिऱ्याच्या किनाऱ्याला एक मोठं जहाज येऊन लागलं, आणि पुढे ते तिथेच राहिलं. बायकोने मासे साफ करून घरपोच द्यायला सुरुवात केली. मी जुन्या व्यापाऱ्याकडे गेलो. त्यांनी काही विचारलं नाही, वही पुढे केली. चौदा महिने परत लिहिली. टाळेबंदी उठल्यावर आलेल्या पहिल्या गिऱ्हाईकाने फोनवर विचारलं, "ते अडकलेलं जहाज दाखवता का?" दाखवलं. पुढे बरेच दिवस लोक त्याच्यासाठीच यायचे आणि बाजार बघून जायचे.

शाकाहारी मंडळी येतात का, हा नेहमीचा प्रश्न. येतात. बंदरावर नाकाला रुमाल लावतात, आणि घरी कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी आणि सोलकढीवर ताव मारतात. मत्स्यालयात सगळ्यात जास्त वेळ तेच थांबतात.

आता मुलगी बुकिंग बघते. तिने ऑनलाइन फॉर्म केलाय. त्यात सहल सुरू होण्याची वेळ भरल्याशिवाय तो पुढे जात नाही. मी तिला म्हटलं, वेळ कशी देणार? भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, बंदराच्या तोंडाशी गाळ असला की ओहोटीला मोठ्या बोटी बाहेर थांबतात, वारा असला तर येतच नाहीत. मी गिऱ्हाइकांना आदल्या रात्री सांगायचो, "बोट लागली की निघू, पहाटे फोन करतो." ती म्हणते, बाबा, असं कोणी पैसे भरत नाही. आठ दिवस वाद झाला. शेवटी तिने फॉर्ममध्ये लिहिलं: पहाटे ५ ते ७.३०, बोटीवर अवलंबून. पहिल्याच आठवड्यात एकाने खाली लिहून ठेवलं, "आम्ही बोटीची सहल समजून आलो, बोटीत बसवलंच नाही." एक तारा दिला. ते वाक्य कसं बदलायचं यावर घरात अजून चर्चा चालू आहे.