बारा मोटांची विहीर, हिरड्याची शाई

बारा मोटांच्या विहिरीचं चित्र हिरड्याच्या शाईने काढायचं, तर पुण्याहून साताऱ्याकडे जाताना शहराच्या अलीकडे महामार्गावर लिंब फाटा लागतो. तिथून आत वळलं तरी शेरी लिंबच्या शेतांमधून विहिरीचा पत्ता लागत नाही. जमिनीच्या वर ती फारशी येतच नाही, म्हणून सोबत येणाऱ्यांनी "कुठाय विहीर?" विचारायची तयारी ठेवावी.

विरूबाई भोसले यांनी ती शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट. अष्टकोनी मुख्य विहीर, तिला जोडून दुसरी चौकोनी विहीर आणि मधल्या भागावर छोटासा महाल. वरून पाहिलं की पिंडीचा आकार दिसतो. सगळे कॅमेरे महालाकडे आणि शरभांकडे, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्यांच्या शिल्पांकडे, वळतात. चित्रासाठी आलेल्याने आधी काठावर, मोटेच्या, म्हणजे पाणी ओढायच्या मोठ्या पिशवीच्या, जागांपाशी जावं. पाणी वर यायचं ते इथून: चाकावरून जाड दोर म्हणजे नाडा, खालच्या कण्यावरून (आडव्या लाटेवरून) बारीक दोर म्हणजे सोल, धावेच्या उतारावर खाली उतरणारे बैल आणि काठावरच्या थारोळ्यात (कुंडात) रिकामी होणारी मोट. अशा बारा मोटा एकाच वेळी चालतील एवढी सोय. चित्रात ही ओढ यायला हवी. निळा रंग घरीच ठेवून आलो होतो. तो हाताशी असला की नुसतं शांत पाणी काढलं जातं.

कागद ३०० जीएसएमचा सुती हातकागद, ५६ बाय ७६ सें.मी. उभा धरायचा. एका फुटाला अर्धा सें.मी. धरलं तर विहीर ५५ सें.मी. खोल आणि २५ सें.मी. रुंद बसते, वर मोटेसाठी २१ सें.मी. उरतात. जागेवर फक्त पेन्सिलीची रेघ आणि मोजमाप. शिल्पांवर किंवा शिलालेखावर कागद ठेवून ठसे घेऊ नयेत, मेणखडूचे डाग दगडातून निघत नाहीत. बेसॉल्टचा खरखरीत पोत हवाच असेल तर बांधावरच्या सुट्या धोंड्यावर पातळ कागद ठेवून घासावा. पायऱ्यांवर शेवाळ असतं, पाण्यासाठी खाली उतरायची गरज नाही. अर्धा लिटर पाणी जवळच्या शेतकऱ्याला विचारून घेतलं तरी पुरतं.

त्या पाण्यात ५० ग्रॅम बी काढलेल्या हिरड्याची पूड रात्रभर भिजवायची. भांडं स्टीलचं किंवा मातीचं. लोखंडी कढईत पाणी तिथेच काळं होतं. सकाळी मंद आचेवर निम्मं आटवून फडक्यातून दोनदा गाळायचं. हिराकस (लोहाचं सल्फेट) मात्र तिथल्या पाण्यात घालायचा नाही. क्षार असलेल्या पाण्यात तो गढूळ होतो, तळाशी गंज बसतो. १०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये ५ ग्रॅम पुरे, आणि खडे हिरवट असावेत. पिवळे पडलेले दुकानदाराला परत द्यावेत. जास्त घातला तर आज काळं छान दिसतं, पण काही वर्षांनी कागद तेवढ्याच जागी तपकिरी पडून कुरकुरीत होतो.

आता हिराकसाच्या पाण्याने चित्रातलं पाणी रंगवायचं. वाळल्यावर जेमतेम दिसतं. त्यावर रुंद ब्रशने हिरड्याचं पाणी एकाच फटकाऱ्यात ओढलं की राखाडी रंग उमटतो आणि तासाभरात गडद होत जातो. विहिरीचं चित्र तिथल्याच पाण्याने उघडतं, या कामातला हा सगळ्यात आवडता भाग. ब्रश मागेपुढे फिरवला की काळं सगळीकडे ओढलं जातं, मग इलाज नाही.

काठासाठी काळी माती. पाण्यात ढवळून दोन मिनिटं थांबायचं, जाड कण बसले की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं आणि त्याचा गाळ वाळवायचा. एक भाग बाभळीचा डिंक दोन भाग गरम पाण्यात विरघळवून त्यात दोन थेंब मध आणि एक थेंब लवंगतेल. वाळलेला गाळ यात कालवून लावायचा, थर पातळच. काळी माती ओली असताना फुगते, वाळताना आकसते. जाड थराला भेगा पडून पापुद्रे सुटतात. उन्हाळ्यातला तळ दाखवायचा असेल तर मुद्दाम जाड लावावी, पण खाली आधी खळीचा एक हात द्यावा.

नाडे सगळ्यात शेवटी. दोन मिलिमीटरची सुतळी, बारा रेघा, मधे दोन-दोन सें.मी. अंतर. चिकटवायच्या नाहीत, दाभणाने भोकं पाडून शिवायच्या. नवी सुतळी पावसाळी हवेत आखडते आणि कागदाला सुरकुत्या पाडते. आधी भिजवून, दोन खिळ्यांना ताणून वाळवली तर हा त्रास खूप कमी होतो. सोलीसाठी शिवणाचा जाड दोरा चालतो. कागद पुरता वाळल्याशिवाय दाभण लावू नये, ओल्या हातकागदाला भोकाऐवजी चीर पडते.

परतताना गुंडाळी करायची नाही. माती सुटते. दोन प्लायवूडच्या फळ्यांमध्ये, वर बटर पेपर घालून, सपाट न्यायचं. एसटीत फळी मांडीवर आडवी ठेवण्यापेक्षा सीटमागे उभी लावलेली बरी.