१३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा कागद : ख्रिस्ती कुटुंबाच्या जातीच्या दाखल्याचा माझा अनुभव

मूळ नगर जिल्ह्यातली (आता अहिल्यानगर) आणि पोटासाठी पुण्या-मुंबईत आलेली ख्रिस्ती कुटुंबे मुलांच्या ॲडमिशनच्या तोंडावर जातीच्या दाखल्यासाठी धावतात. त्यांनी निघण्याआधी हे वाचावे. आमचे काम झाले, दाखला हातात आहे. पण एका कार्यालयात एकाच मुद्द्यावर महिने गेले, त्याची चीड अजून मनात आहे. तो मुद्दा कोणी आधी सांगितला असता तर दोन फेऱ्यांत सुटलो असतो.

आधी दाखला कोणता, ते पक्के करा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. अनुसूचित जातीतून धर्मांतर केलेले ख्रिस्ती महाराष्ट्रात इतर मागासवर्गात येतात. म्हणून आपला दाखला ओबीसीचा. शाळेच्या दाखल्यावर चुकून ‘हिंदू महार’ लागले आहे म्हणून एससीचा दाखला काढा, असे सल्ले भरपूर मिळतात. ऐकू नका. खोट्या दाखल्यावर मिळालेला प्रवेश आणि नोकरी दोन्ही जातात, शिवाय २००० च्या जात प्रमाणपत्र कायद्यात कैदेची तरतूद आहे.

अर्ज कुठे करायचा? राहायला पुण्यात असलो तरी मूळ तालुक्याच्या प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे). ओबीसीसाठी मानीव दिनांक, म्हणजे मूळ रहिवास ज्या दिवसावरून ठरतो तो दिवस, १३ ऑक्टोबर १९६७ आहे आणि त्या दिवशी आपले पूर्वज जिथे राहत होते तिथलाच अधिकारी दाखला देतो. आपल्यापैकी कितीतरी घरे १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून निघाली. म्हणजे शहरातला सगळ्यात जुना रेशनकार्डाचा कागदसुद्धा त्या तारखेनंतरचा. पुण्यातल्या सेतू केंद्रात ऑनलाइन अर्ज भरता येतो, पण त्यात जिल्हा-तालुका मूळ गावाचाच टाकून घ्या आणि ‘सबमिट’ करण्याआधी स्वतः वाचा.

आता अडतो तो भाग.

आपल्याला एक गोष्ट सिद्ध करायची नसते, दोन करायच्या असतात : घराणे मूळचे अनुसूचित जातीतले होते, आणि ते ख्रिस्ती झाले. १९६७ पूर्वीच्या एकाच कागदावर या दोन्ही गोष्टी सापडणे नशिबाचे. आजोबांच्या शाळेच्या नोंदीत नुसते ‘ख्रिश्चन’ असेल तर कार्यालय विचारते, मूळ जात कुठे आहे? ‘हिंदू महार’ किंवा ‘मांग’ असेल तर विचारते, मग ख्रिश्चन कशावरून? ‘महार ख्रिश्चन’ अशी जोडनोंद मिळाली तर देवाचे आभार माना, बाकीचे सगळे सोपे आहे. नसेल तर जोडी जुळवावी लागते. एक कागद जातीचा, एक बाप्तिस्म्याचा, आणि दोन्ही माणसे एकाच वंशावळीत.

जातीचा कागद आजोबांचाच हवा असे नाही. वडिलांकडच्या रक्तनात्यातला कोणीही चालतो : पणजोबा, आजोबांचा सख्खा भाऊ, चुलत आजोबा. आमच्याकडे आजोबांची नोंद ‘ख्रिश्चन’ होती, त्यांच्या थोरल्या भावाची जातीसह होती. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद मागा. जुनी पाने मोडी लिपीत असतात. त्यांची नक्कल घेऊन जाणकार मोडी वाचकाकडून सहीशिक्क्याचे लिप्यंतर करून घ्यावे लागते. मिशनची शाळा बंद पडली असेल तर ‘रेकॉर्ड नाही’ एवढ्यावर परत फिरू नका. तिचे जनरल रजिस्टर गावच्या जिल्हा परिषद शाळेत किंवा गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेले आहे का, ते पाहा. जिल्हा परिषदा १९६२ च्या, त्याआधीची शाळा लोकल बोर्डाची, म्हणून शिक्क्यावरचे नाव वेगळे दिसेल.

शिक्क्यावरच आमचे काम अडले. बाप्तिस्म्याचा उतारा पुढे केला की टेबलावरून उत्तर यायचे, ‘चर्चचा दाखला चालत नाही, हा आत्ता काढलेला आहे.’ का चालत नाही, हे कोणी लिहून देत नव्हते. फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्यावर खरी शंका कळली. नोंद १९५० च्या दशकातली, आणि शिक्का ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’चा. ही चर्चसंस्था तर १९७० ची! शंका चुकीची नव्हती. ती पहिल्या दिवशी सांगितली असती तर रोजंदारीवरच्या माणसांचे इतके खाडे झाले नसते, याचा राग आहे. गावाकडचा एक दिवस म्हणजे पुण्यातली एक हजेरी बुडणे आणि वर एसटीचे भाडे. ज्याच्याकडे हे दोन्ही नसते, तो मुलाचा ओबीसीचा हक्क सोडून खुल्या जागेत फॉर्म भरतो. अशी घरे माझ्या माहितीत आहेत.

या शंकेचे उत्तर इतिहासात आहे आणि ते लेखी द्यावे लागते. नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून आहे. त्या मंडळ्या पुढे युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात होत्या, आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली तेव्हा तिच्यात आल्या. अँग्लिकन मंडळ्याही तेव्हाच आल्या. रजिस्टर तेच, कपाट तेच, वरचे नाव बदलले. कॅथलिकांचेही तसेच. नगर जिल्हा आधी पुणे धर्मप्रांतात (बिशपच्या अधिकारक्षेत्रात) होता, १५ मे १९८७ ला नाशिक धर्मप्रांत झाला. त्यात एका जुन्या धर्मग्रामातून (एका चर्चच्या हद्दीतून) पुढे नवी धर्मग्रामे निघाली असतील तर जुनी नोंद मूळ चर्चच्याच वहीत राहते, गावाजवळच्या नव्या चर्चमध्ये नाही.

म्हणून पाळकांकडून किंवा फादरांकडून छापील बाप्तिस्मा सर्टिफिकेट घेऊ नका, रजिस्टरचा पूर्ण उतारा घ्या. त्यात खंड, पान आणि नोंद क्रमांक, जन्म व बाप्तिस्म्याची तारीख, आईवडिलांची नावे, गाव, आणि बाप्तिस्मा देणाऱ्याचे नाव हवे. सोबत मूळ पानाची झेरॉक्स सहीशिक्क्यानिशी. त्यावर धर्मप्रांताच्या कार्यालयाचे वेगळे पत्र : ही वही पूर्वी अमुक मिशनची होती, अमुक सालापासून आमच्या ताब्यात आहे. आमचे अडलेले काम या एका पत्राने हलले.

आणखी एक कागद, जो आम्हाला फार उशिरा सुचला : आजी-आजोबांच्या लग्नाची नोंद. चर्चमधली विवाह नोंदवही १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली ठेवलेली असते. त्या कायद्याच्या कलम ७९ प्रमाणे फी भरून तिचा शोध घेता येतो आणि नक्कल मागता येते, आणि कलम ८० प्रमाणे ती प्रमाणित नक्कल त्या लग्नाचा पुरावा म्हणून स्वीकारली जाते. जात त्यात नसेल, पण १९६७ पूर्वी हे लोक ख्रिस्ती होते आणि याच गावचे होते, हे दोन्ही त्यात येते. ‘चर्चचा कागद खासगी’ म्हणणाऱ्यापुढे हीच कलमे ठेवावीत.

नावांचा घोळ होणारच. बाप्तिस्म्याच्या वेळी सखारामचा शिमोन झालेला असतो, शाळेत सखाराम राहतो, आडनाव तर कित्येक नोंदींत नसतेच. म्हणून रजिस्टरात आडनावावरून शोधू नका, बापाच्या नावावरून आणि गावावरून शोधा. अंदाजे सालही सांगा, पाच वर्षे अलीकडे-पलीकडे धरून. प्रौढपणी बाप्तिस्मा झालेला असेल तर नोंदीत जुने नाव लिहिले आहे का ते नीट पाहा, असेल तर तोच सर्वात मोलाचा पुरावा. नसेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे शपथपत्र करा, आणि वंशावळीच्या शपथपत्रातही दोन्ही नावे ‘ऊर्फ’ लावून लिहा. दोन शपथपत्रांत एका वेलांटीचा फरक पडला तरी अर्ज परत येतो.

गावाकडच्या पाळकांकडे चार-पाच गावे असतात, आठवड्यात गेलात तर भेट होईलच असे नाही. रविवारी उपासना सुटल्यावर जा, आणि आठ दिवस आधी नावे-साल कळवून ठेवा. त्यांना पाने चाळायला वेळ द्या. वाळवी लागलेल्या वह्या ते जपून ठेवतात म्हणून आपला पुरावा शिल्लक आहे.

कार्यालय तोंडी नाही म्हणाले तर त्रुटी लेखी मागा, आवक क्रमांक घ्या. अर्ज नामंजूर झाला तर कारणांसह आदेश मागा. त्यावर तीस दिवसांत अपील करता येते. आम्ही लेखी मागायला लागलो त्यानंतरच टेबलावरची भाषा बदलली.

जात सोडून प्रभूकडे गेलेल्या माणसाच्या नातवाला तीच जात शोधत रेकॉर्ड रूममध्ये बसावे लागते, हे मनाला लागते. तरी कागद शोधाच. राज्यात ओबीसीच्या १९ टक्के जागा आहेत, नर्सिंग आणि इंजिनिअरिंगच्या फीमध्ये सवलत आहे, आणि शहरात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या घराला ती लागते.

दाखला मिळाला की लगेच जात पडताळणीला लागा, मूल अकरावीत असतानाच. समिती पुन्हा मूळ जिल्ह्याचीच, आणि दक्षता पथक चौकशीला गावात जाऊ शकते. तेव्हा गावात राहिलेल्या चुलत्यांना वंशावळीची एक प्रत आधीच देऊन ठेवा. घराण्यात एकालाही जात वैधता (पडताळणीनंतरचे प्रमाणपत्र) मिळालेली असेल तर तिची प्रत जोडा, पुढच्यांसाठी तो सर्वात भक्कम पुरावा. नॉन-क्रिमिलेअर (उन्नत गटात नसल्याचे प्रमाणपत्र) वेगळे काढायचे, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. आणि चर्चचा उतारा, धर्मप्रांताचे पत्र, शाळेची नक्कल या तिन्हींच्या मूळ प्रती प्रत्येकी दोन घ्या. एक जोडी पडताळणीत अडकून राहते, आणि धाकट्या भावंडाच्या वेळी पुन्हा तीच वही उघडायला गावी जावे लागते.